तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं: आधी प्रमाणपत्र काढा

प्रश्न: आम्हा दोघांची लस २०२१ मध्ये चिपळूणच्या सरकारी केंद्रात झाली. मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याने फायझरची घेतली. भिशीच्या ग्रुपवर रोज येतं की एमआरएनए लस दहा महिन्यांत उरकली, ती जनुकं बदलते, हृदय बंद पाडते. परवा यजमानांना धडधड झाली, तर शेजारीण म्हणाली, “लसच ती!” काय समजायचं?
एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, कपाटातलं कोविनचं प्रमाणपत्र काढा आणि पंतप्रधानांचा फोटो सोडून त्याच्या वरचा मजकूर वाचा. तिथे लसीचं नाव छापलेलं आहे. २०२१ च्या सरकारी केंद्रात कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन, दोन्हींपैकी एक असणार. पहिलीत निरुपद्रवी केलेला चिंपांझीचा सर्दीचा विषाणू, दुसरीत मारलेला करोना विषाणू. एमआरएनए, म्हणजे पेशीला विषाणूचं एक प्रथिन बनवायचा निरोप देणारा आरएनए, दोन्हींत नाही. एमआरएनए लस बनवणाऱ्या फायझरने आपल्याकडे परवानगी मागितली होती, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ज मागे घेतला. तेव्हा यजमानांच्या धडधडीचं खापर एमआरएनएवर फोडता येणार नाही. ईसीजी काढून घ्या, या आठवड्यातच.

कोविशील्डवर वेगळा आक्षेप आहे आणि तो खरा आहे: फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घसरतात. मूळ कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात तसं मान्य केल्याची बातमी २०२४ मध्ये गाजली. पण तो त्रास लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतो, वर्षांनंतर नाही.

आता दहा महिने. जानेवारी २०२० मध्ये विषाणूची जनुकीय रचना जाहीर झाली, डिसेंबरात ब्रिटनने फायझरला मंजुरी दिली. हिशेब जवळपास बरोबर आहे, अकराच्या आसपास महिने झाले, पण तंत्र जुनं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये उंदरांच्या स्नायूत आरएनए टोचून प्रथिन तयार झालं, ते १९९० साली. अडचण अशी की बाहेरचा आरएनए दिसला की शरीर खवळायचं, सूज यायची. शास्त्रज्ञ कॅटालिन कॅरिको यावरच अडून बसल्या. या बाई १९८५ मध्ये हंगेरीतून अमेरिकेला निघाल्या तेव्हा गाडी विकून आलेले ९०० पौंड मुलीच्या टेडी बेअरमध्ये शिवून नेले होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अनुदान मिळेना, १९९५ मध्ये त्यांना खालच्या पदावर आणलं. मग झेरॉक्स मशीनपाशी तिथलेच शास्त्रज्ञ ड्रू वाइसमन भेटले. दोघांनी आरएनएमधलं युरिडिन काढून जरासा वेगळा, स्यूडोयुरिडिन नावाचा घटक घातला आणि सूज थांबली. हा शोधनिबंध २००५ चा. फारशी कुणी दखल घेतली नाही. नोबेल २०२३ मध्ये.

जनुकं बदलण्याचं म्हणाल, तर एमआरएनए म्हणजे वाण्याकडे पाठवलेली चिठ्ठी. माल भरला की चिठ्ठी फेकली जाते, घरातल्या तिजोरीपर्यंत ती जातच नाही. डीएनए असतो पेशीच्या केंद्रकात, आणि ही लस काम करते केंद्रकाबाहेर.

हृदयाचं मात्र खोटं नाही. हृदयाच्या स्नायूला क्वचित सूज येते, मुख्यतः तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर थोड्याच दिवसांत. इस्राएलमधल्या एका मोठ्या अभ्यासात १६ ते २९ वयाच्या पुरुषांत लाखामागे साधारण ११ जणांना ती आढळली, बहुतेकांना सौम्य. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडनने तिशीच्या आतल्यांना मॉडर्ना ही दुसरी एमआरएनए लस देणं थांबवलं, तेही उघडपणे. माझा राग टीव्हीवर “शंभर टक्के सुरक्षित” म्हणणाऱ्या आमच्याच डॉक्टरबंधूंवर आहे. तसं कुठलंच औषध नसतं, क्रोसिनसुद्धा. त्यांच्या त्या वाक्यावरच आज तुमचा ग्रुप चालतो.

मुलाला तेव्हा छातीत दुखलं नसेल, तर आता त्या डोसची काळजी नको. पुढचा डोस घ्यायचा का, ते त्याने वय आणि तब्येत सांगून तिथल्या डॉक्टरांना विचारावं. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये एमआरएनएचे २२ प्रकल्प, सुमारे ५० कोटी डॉलरचे, गुंडाळले. ते राजकारण आहे. त्यावरून त्याच्या दंडातल्या जुन्या डोसबद्दल काही ठरत नाही.

प्रश्न: पुण्यातही एमआरएनए लस बनली होती, हे खरं का?
एक विद्यार्थी, सातारा

उत्तर: खरं. हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीने बनवली, जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली. फायझरला उणे ७० अंशांचा फ्रीझर लागायचा, हिला २ ते ८ अंश, म्हणजे साधा फ्रिज पुरे. पण तोवर लसकेंद्रांवरच्या रांगा ओसरल्या होत्या.