नाडी, तापाची पाळी आणि वाटीतले रक्त

प्रश्न : अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातील डॉक्टर थर्मामीटरशिवाय तापाचे निदान कसे करत? तापावर चालणारी सिंकोना झाडाची साल ठाऊक असूनही ते रोग्याचे रक्त का काढत?

उत्तर : थर्मामीटर अगदीच नव्हता, असे नाही. फॅरेनहाइटचा पाऱ्याचा थर्मामीटर १७१४ मध्ये तयार झाला आणि हॉलंडातील लायडनचे वैद्यकाचे प्राध्यापक हर्मान बूरहाव्ह यांना तो परिचयाचा होता. पण घरोघरच्या रोग्याला तो लावण्याची पद्धत पडायला आणखी दीडशे वर्षे जावी लागली. मुळात अंगाची उष्णता ही तापाची मुख्य खूण मानलीच जात नव्हती. हिव भरले असताना रोगी कुडकुडतो, तरी त्याला ताप असतोच. म्हणून प्रत्येक तापात पहिल्यापासून शेवटपर्यंत आढळणारे एकच लक्षण म्हणजे जलद चालणारी नाडी, असे बूरहाव्ह सांगत. इंग्लंडात जॉन फ्लॉयर यांनी तर नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. बहुतेक डॉक्टर मात्र ठोके न मोजता बोटांना जाणवेल त्यावरच भिस्त ठेवत आणि जोडीला जीभ व लघवी पाहत.

नाडीवरून ताप आहे एवढे कळे. तो कोणता, हे कळे त्याच्या पाळीवरून, म्हणजे तो किती दिवसांनी येतो आणि उतरतो यावरून. सतत राहणारा ताप वेगळा आणि हुडहुडी, दाह, घाम या क्रमाने येऊन उतरणारा पाळीचा ताप वेगळा. पाळीच्या तापातही रोज येणारा, एक दिवसाआड येणारा आणि दोन दिवसांआड येणारा असे प्रकार होते. एक दिवसाआड येणाऱ्याला लॅटिनमध्ये ‘तिसऱ्या दिवसाचा’ म्हणत, कारण रोमन लोक मोजताना पहिला दिवसही धरत. जुनी वर्णने वाचताना इथे हमखास गफलत होते.

आता रक्ताविषयी. तापात रक्त बारीक वाहिन्यांत अडते आणि हृदयाला जोर करावा लागतो, अशी समजूत असल्यामुळे दंडाची शीर उघडून तो ताण हलका करणे त्यांना तर्कशुद्धच वाटे. काढलेले रक्त वाटीत गोठू देत. वर पिवळट पांढरा थर धरला, की शरीरात दाह (इन्फ्लमेशन) आहे असे मानून पुन्हा शीर उघडत. निरीक्षण खोटे नव्हते : दाहात तांबड्या पेशी लवकर खाली बसतात, आणि आजची ईएसआर ही रक्ततपासणी याच गोष्टीवर आधारलेली आहे. चुकीचा होता तो त्यावरून काढलेला उपाय, आणि अशक्त रोग्याला तो महागात पडे.

सिंकोनाची गोष्ट निराळी. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाकडून येणाऱ्या या कडू सालीची पूड वाइनमध्ये कालवून, दोन पाळ्यांच्या मधल्या काळात देत. तिने काही ताप हटकून उतरत, काहींवर ती मुळीच चालत नसे. इटलीतील मोडेना येथील फ्रांचेस्को तोर्ती यांनी १७१२ मध्ये याच अनुभवावरून, सालीला दाद देणारे आणि न देणारे अशी तापांची विभागणी केली. माझ्या मते त्या काळातील तापविषयक विचारांतले हे सर्वांत मोलाचे पाऊल होय, कारण औषधाचा गुण हीच निदानाची कसोटी ठरली. साल ज्यांवर चालत असे ते बहुधा मलेरियाचे रोगी होते. परंतु तिच्यातील क्विनीन हे औषधी द्रव्य वेगळे काढले गेले ते थेट १८२० मध्ये.