मेलबॉक्स बंद झाला, ओएसटी फाइल उरली: वसुलीचा दावा टिकेल का?

प्रश्न: इंदूरला सांवेर रोडवर माझा पॅकिंग मशीनच्या सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. वडोदऱ्याच्या एका पार्टीकडे ११,४०,००० रुपये अडकले आहेत. शेवटचा माल जानेवारी २०२२ मध्ये दिला, उधारी ६० दिवसांची. ९ ऑक्टोबर २०२४ ला त्यांच्या खरेदी व्यवस्थापकाचा मेल आला होता: ‘बाकी मान्य, दिवाळीनंतर देतो.’ आता म्हणतात, असा मेल पाठवलाच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या अकाउंटंटने नोकरी सोडली आणि त्याचा मेलबॉक्स बंद झाला. त्याच्या लॅपटॉपवर ८ जीबीची ओएसटी फाइल आहे, पण आउटलुक ती उघडत नाही. मेल निघतील का? कोर्ट ते मानेल का?

उत्तर: आधी तो लॅपटॉप बंद करा आणि बंदच ठेवा. वाय-फायला जोडू नका, आउटलुक पुन्हा चालवून पाहू नका. ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या मेलबॉक्सची संगणकात राहिलेली प्रत. जोडणी झाली आणि तिकडे मेल नसतील, तर जुळवणी करताना आउटलुक इकडचेही काढून टाकतं. शिवाय फाइल नुसती उघडली तरी ती बदलते. नेटवर मिळणारी फुकटची ‘कन्व्हर्टर’ सॉफ्टवेअरं आणि आउटलुकचं स्वतःचं दुरुस्तीचं साधन, स्कॅनपीएसटी, मूळ फाइलवर चालवूच नका. स्कॅनपीएसटी फाइलमध्येच फेरफार करतं, आणि जो तुकडा त्याला लागत नाही तो टाकून देतं. नेमका आपला मेल त्या तुकड्यात असला तर?

आपली खरी अडचण मुदतीची आहे. उधारीचे ६० दिवस मार्च २०२२ मध्ये संपले. तिथून तीन वर्षं धरली तर दाव्याची मुदत मार्च २०२५ मध्येच गेली. पण मुदत कायदा, १९६३ च्या कलम १८ प्रमाणे मुदत चालू असताना देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. कबुलीत आकडा नसला तरी चालतं. ईमेलने दिलेली कबुली न्यायालयांनी मान्य केली आहे. म्हणजे त्या एका मेलवर आपल्याला ९ ऑक्टोबर २०२७ पर्यंत वेळ मिळतो. मेल सिद्ध झाला नाही, तर दावा पहिल्याच पायरीवर अडतो. म्हणून तो बाहेर काढण्याइतकंच त्याचं मूळ जपणंही महत्त्वाचं.

फाइल आउटलुक उघडत नाही म्हणून ती खराब आहे असं समजू नका. ओएसटी ज्या खात्याच्या प्रोफाइलमध्ये तयार होते, त्याच्याशी बांधलेली असते. पीएसटी ही आउटलुकची दुसऱ्या प्रकारची फाइल कुठल्याही संगणकावरच्या आउटलुकमध्ये उघडते, ओएसटी तशी उघडत नाही. ती सहसा यूझरच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक या क्रमाने आत असते, आणि ॲपडेटा फोल्डर लपवलेला असतो. जेल रोडवर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप नेण्याऐवजी डिजिटल फॉरेन्सिकचं काम करणारा माणूस गाठा. तो डिस्क बाहेर काढून, तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही अशा उपकरणाने जोडून, पूर्ण प्रतिमा, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, घेईल. दोन प्रती घ्यायला सांगा: एक सीलबंद, दुसरी कामाची. शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधून गणिताने निघणारा आणि ती जराही बदलली तर बदलणारा ठसा, त्याच वेळी आपल्यासमोर काढून पंचनाम्यासारखा कागद करा: तारीख, वेळ, लॅपटॉपचा मॉडेल व अनुक्रमांक, उपस्थितांच्या सह्या. पुढचं सगळं काम प्रतीवर.

एक शक्यता आताच ध्यानात ठेवा. आउटलुक पुष्कळदा सगळे मेल संगणकात ठेवत नाही, फक्त अलीकडच्या वर्षभराचे ठेवतं. लॅपटॉप फेब्रुवारी २०२५ पर्यंत वापरात होता, तेव्हा ऑक्टोबरचा मेल असण्याची चांगली आशा आहे. २०२२ चे ऑर्डरचे मेल कदाचित नसतील. त्यांच्यासाठी चलन, ई-वे बिल आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) काढून ठेवा. समोरच्याने त्याच बिलांवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर माल मिळाला नाही असं म्हणणं त्याला जड जाईल.

मेल सापडला की तो स्वतःला फॉरवर्ड करून प्रिंट काढू नका. फॉरवर्ड केलेला मेल नवा मेल होतो, जुना हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची तांत्रिक नोंद, त्यात राहत नाही. मूळ मेल हेडरसकट काढून घ्या. हेडरमध्ये मेसेज-आयडी, म्हणजे त्या मेलचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो, आणि मेल घेणाऱ्या सर्व्हरने त्या दिवशी मारलेल्या शेऱ्यात डीकेआयएम आणि एसपीएफ (मेल खरंच त्या डोमेनवरून आला का, हे तपासणाऱ्या चाचण्या) ‘पास’ अशी नोंद असू शकते. ‘पाठवलाच नाही’ या म्हणण्याला त्याहून नेमकं उत्तर मिळणं कठीण. तोच मेसेज-आयडी देऊन समोरच्याकडे त्याच्या सर्व्हरवरची प्रत हजर करण्याची मागणी करता येते. त्या मेलच्या सीसीमध्ये आपले सीए होते का, हेही आजच पाहा. असतील तर त्यांच्या मेलबॉक्समध्ये तो अजून असेल, आणि त्रयस्थाकडची प्रत मोलाची ठरते.

आता कोर्टाचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब च्या जागी कलम ६३ आलं. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: भाग ‘अ’ लॅपटॉपचा ताबा असणाऱ्याचा, म्हणजे आपला, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश लिहावा लागतो. खोतकर विरुद्ध गोरंट्याल (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मूळ यंत्रच हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. तो मार्ग आपण धरू नये असं माझं मत आहे. न उघडणारी फाइल असलेला लॅपटॉप न्यायाधीशांसमोर ठेवून काय दाखवणार? प्रमाणपत्रच घ्या आणि लॅपटॉपही जपून ठेवा.

कलम १८ ची कबुली अधिकृत माणसाचीच लागते. म्हणून त्या व्यवस्थापकाने आधी दिलेल्या ऑर्डर, त्याच्या नावाने आलेली देयकांची पत्रं गोळा करा.

रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने दावा वाणिज्यिक न्यायालयात जाईल. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ खाली आधी मध्यस्थी करावीच लागते. अर्ज इंदूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. तो काळ मुदतीतून वगळला जातो. त्याआधी ऑर्डरवर ‘वाद वडोदरा न्यायालयाच्या अधीन’ अशी ओळ छापली आहे का ते बघा. असेल तर सगळं तिकडे करावं लागेल. कागदपत्रं दाव्यासोबतच जोडायची असतात, तेव्हा प्रमाणपत्र आधी हातात हवं.

अकाउंटंटवर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ खाली तक्रार करण्याची घाई करू नका. मेलबॉक्स त्याने मुद्दाम उडवला की नोकरी सोडल्यावर त्याच्या मेल खात्याचं लायसन्स काढल्याने गेला, हे अजून ठरलेलं नाही. शिवाय मेल त्यानेच घेतला होता. उद्या आपल्याला त्याची साक्ष लागेल.