फॉर्मवर घरची भाषा मराठीच लिही

तू विचारलंस की नवऱ्याची बदली न्यू जर्सीला झालीय, तीन महिन्यांत निघायचंय, मुलगी दोन वर्षं पाच महिन्यांची आहे, उशिरा चालायला लागली, 'आई'शिवाय शब्द नाही. तिकडे तिला स्पेशल शिक्षण मिळेल का, आणि आधी काय करून ठेवू? जुळे सोलापुरातून लिहितेयस हे वाचलं आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. माझं माहेर सात रस्त्याजवळ. आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता, आता नऊचा आहे.

मिळेल. सरकारी शाळेतून फुकट मिळेल, व्हिसा कुठलाही असो. कायदा १९७५ पासूनचा आहे, त्याची माहिती तुला कुठंही सापडेल. मी बाकीचं लिहिते.

आधी भाड्याचं घर बघा. कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये महिनाभर राहू, मग निवांत शोधू, असं करू नका. पत्त्याचा कागद हातात नसेल तर शाळेचं ऑफिस तुमचं काहीच पुढं नेत नाही, आणि कुठलं डिस्ट्रिक्ट, म्हणजे कुठल्या भागाच्या शाळा, हे पत्त्यावरच ठरतं. तुझ्या मुलीच्या बाबतीत तर दिवस मोजून चालायला हवं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांचं काम अर्ली इंटरव्हेन्शन नावाच्या सरकारी सेवेकडे असतं (तिथं तपासणी फुकट, पुढच्या सेवांना मात्र उत्पन्नाप्रमाणे पैसे पडू शकतात), तिसऱ्या वाढदिवसापासून ते शाळेकडे जातं. त्यांच्याकडून आलेल्या मुलांसाठी शाळेला लेखी विनंती वाढदिवसाच्या १२० दिवस आधी जावी असा न्यू जर्सीचा नियम आहे. तुम्ही पोचाल तेव्हा बरोबर तेवढेच दिवस हातात असतील. म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडे जा. अर्ली इंटरव्हेन्शनला फोन आणि शाळेच्या चाइल्ड स्टडी टीमला, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या तिथल्या लोकांना, पत्र.

पत्रच. मी सप्टेंबरमध्ये शाळेच्या ऑफिसात जाऊन तोंडी सांगितलं होतं. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. नवा देश आहे, नवी भाषा आहे, थोडं थांबून बघू, म्हणाल्या. मला वाटलं नोंद झाली. फेब्रुवारीत शेजारच्या तेलुगू बाईंनी विचारलं, 'तारीख घालून लिहून दिलंय का?' दिलं नव्हतं. लेखी विनंती पोचल्यापासून २० दिवसांत मीटिंग, आणि तपासणीला तुम्ही सही दिल्यापासून ९० दिवसांत सगळं सुरू, असा हिशोब असतो. माझी सही मार्चमध्ये झाली, तपासण्या संपेपर्यंत शाळेचं वर्ष संपलं. पोराचं एक अख्खं वर्ष त्या गोड बोलण्यात गेलं. अजून त्या रस्त्यानं गाडी नेताना माझे हात घट्ट होतात.

पण खरं जे सांगायचंय ते शाळेचं नाही, माझं आहे.

नाव घालताना एक फॉर्म देतात, त्यात विचारतात की घरी कुठली भाषा बोलता. आम्ही 'इंग्रजी' लिहिलं. मराठी लिहिलं तर पोराला मागं टाकतील ही भीती होती, आणि थोडा मानही होता, खोटं कशाला बोलू. मुलाची तपासणी त्याच्या भाषेत करायची, अगदीच शक्य नसेल तरच दुसऱ्या, असा नियम आहे. पण कागदावर भाषा इंग्रजी होती, मग ते काय करणार? चित्रं दाखवून 'मिटन' कुठंय विचारलं. सोलापुरातून आलेल्या पोरानं लोकरीचा हातमोजा कधी बघितला होता? रिपोर्टात आलं, दोन टप्प्यांची सूचना समजत नाही. घरी तोच 'चप्पल जागेवर ठेव आन् बाबाला हाक मार' म्हटलं की दोन्ही करायचा.

पुढे बाहेरच्या एका थेरपिस्टनं सांगितलं, एकच भाषा ठेवा, गोंधळ होतो. आम्ही त्याच रात्री मराठी बंद केली. झोपवतानासुद्धा. हा सल्ला चुकीचा होता. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही, उशिरा बोलणाऱ्या मुलांचंही नाही. अभ्यासांतून ते दिसलंय. मला ते दोन वर्षांनी कळलं.

आई दर रविवारी विचारायची, 'बोलायलाय का गं पोरगं?' पाचव्या वर्षी तो बोलायला लागला. इंग्रजीत. मागच्या गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, सोलापूरला आलो होतो, आई त्याला नंदीध्वज दाखवत होती, होम मैदानावर लहानपणी मी कशी हरवले होते ते सांगत होती. तो माझ्याकडे बघून विचारत होता, आजी काय म्हणतेय? आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. रात्री त्याला शेंगापोळी भरवत बसली, मुक्यानं.

इथल्या शाळेनं त्याला पुष्कळ दिलं, हे तितकंच खरं. स्पीच, ऑक्युपेशनल थेरपी, वर्गात सोबतीला एक बाई. आज तो नेहमीच्या वर्गात बसून वाचतो. सोलापुरात राहिलो असतो तर काय झालं असतं, हे मी मनात हजारदा मांडून बघितलंय.

एकटेपणाचं विचारलंस. असतो, थंडीत जास्त. सवय होते.

मीटिंगला पाच-सहा लोक समोर असतात. दुभाषा माग, तो तुझा हक्क आहे. नवऱ्याचं ऑफिसातलं इंग्रजी तिथं पुरत नाही. आयईपीवर, म्हणजे तिला काय-काय मदत द्यायची ते लिहिलेल्या आराखड्यावर, त्याच दिवशी सही करू नकोस, घरी आणून वाच. मी टेबलावरच केली होती. आपल्याकडचं दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड इथं कुणी बघत नाही, त्यामागचे डॉक्टरांचे आणि थेरपीचे सगळे रिपोर्ट मात्र इंग्रजीत करून आण. आणि निघायच्या आधी तिचे तिच्या आजीबरोबरचे व्हिडिओ काढ. आजी मराठीत काहीतरी सांगतेय आणि ती ऐकून तसं करतेय, असे. ते टीमला दाखव. आमच्याकडे असा एकही नव्हता.

गाव ठरलं की कळव. शाळेला द्यायचं पत्र मी तुला लिहून देते.