नाईट शिफ्ट घेतोयस? मग आधी हे वाच

अरे, तो बाजूचा पोरगा चार तास झोपून फ्रेश दिसतो म्हणून तू पण तसंच करायला जाऊ नकोस. झोप कमी पडली की प्रत्येकाचं डोकं वेगळं वागतं, कोणी एका जागरणात ढेपाळतो तर कोणाला फारसा फरक पडत नाही, आणि हे बरंचसं अंगातलंच असतं, सवयीने बदलत नाही. २००३ च्या एका प्रयोगात लोकांना १४ दिवस रोज ६ तासच झोपू दिलं, तर शेवटी त्यांचं लक्ष एक अख्खी रात्र जागल्यासारखं घसरलं होतं, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला एवढी झोप येतेय असं वाटतच नव्हतं!! म्हणून 'मला काही होत नाही' यावर अजिबात भरवसा ठेवू नको.

माझंच सांगतो, पहिल्या महिन्यात सकाळच्या विरार लोकलमध्ये अंधेरीला बसायला मिळालं, डोळे उघडेच होते असं मला वाटतंय, बोरिवलीला उतरायचं होतं आणि मी थेट नालासोपाऱ्याला. मधली स्टेशनं आठवतच नाहीत. मेंदू असा काही सेकंद बंद पडतो, त्यालाच मायक्रोस्लीप म्हणतात (माझी तर चक्क झोपच लागली होती म्हणा). त्यामुळे शिफ्ट संपल्यावर बाईक नको, लोकलच बरी. पहाटे चारनंतर कटिंग पण बंद कर, कॅफिन झोपेचा सिग्नल नुसता अडवतं, झोप भरून देत नाही, आणि घरी गेल्यावर तळमळत पडशील ते वेगळंच.