पायाशी कुत्रा, खिडकीत वेल

प्रश्न: गिरगावात आजीकडे भिंतीवर एकोणिसाव्या शतकातलं इंग्लिश प्रिंट आहे, नवरा खुर्चीत, बायको खाली स्टुलावर बाळ घेऊन, पायाशी कुत्रा आणि खिडकीत आयव्हीची वेल. ही नुसती सजावट आहे का हो?

उत्तर: अजिबात नाही! कुत्रा म्हणजे निष्ठा, हे तर युरोपात फार जुनं. पण वेल नीट बघा, आयव्ही बारमाही हिरवी आणि आधाराला घट्ट चिकटलेली, म्हणून ती अतूट प्रेमाची खूण, आणि नवरा म्हणजे ओकचं झाड, बायको म्हणजे त्याला बिलगलेली वेल असंही तेव्हा सर्रास म्हणायचे. मला हे चित्र गोड वाटतं पण टोचतंही, कारण इंग्लंडात १८८२ च्या कायद्यापर्यंत लग्न झालेल्या बाईची बरीचशी मालमत्ता नवऱ्याच्याच ताब्यात जायची, आणि लिथोग्राफमुळे, म्हणजे दगडावरून चित्र छापायच्या पद्धतीमुळे, अशी चित्रं स्वस्तात घरोघरी लागली.