शिंगेनच्या जागी बसलेला चोर

प्रिय मित्रा,

अकिरा कुरोसावाचा ‘कागेमुशा’ हा जपानी चित्रपट अर्ध्यावरच बंद केलास, कारण त्यात लढाई धड दिसतच नाही, असं तू लिहिलंस. माझं ऐक, पुन्हा बघ. आणि या वेळी लढाईची वाट बघू नकोस.

पहिल्याच प्रसंगात सहाएक मिनिटं कॅमेरा जागचा हलत नाही. समोर एकसारखे दिसणारे तिघं बसलेत: ताकेदा या लढवय्या सरदार घराण्याचा प्रमुख शिंगेन, त्याचा भाऊ नोबुकादो आणि देहदंडातून वाचवून आणलेला एक चोर. शिंगेन आणि चोर, दोन्ही भूमिका तात्सुया नाकादाई या एकाच नटाच्या. कोण किती हलतो तेवढं बघ. शिंगेन जेमतेम मान वळवतो. चोराला मात्र स्वस्थ बसवत नाही. तो तोंडावर सांगतो की मी चिल्लर चोरली, तुम्ही मुलूखच्या मुलूख लुटलेत.

शिंगेन 1573 मध्ये वारला. चित्रपटात तो मरताना बजावतो की ही बातमी तीन वर्षं फुटू देऊ नका. मग चोराला त्याच्या जागी बसवतात. माझ्या मते चित्रपटाचा जीव आहे तो रात्रीच्या लढाईत. गोळ्या सुटतात, चोर घाबरून उठू पाहतो, त्याला दटावून बसवतात. शिंगेन म्हणजे पर्वत, आणि पर्वत हलत नसतो! त्याच्यापुढे आडवे होऊन अंगरक्षक मरतात. ज्याच्यासाठी मरतोय तो शिंगेन नाही, हे ठाऊक असलेली माणसंही त्यात आहेत. त्यानंतरचा चोराचा चेहरा बघ. सोंग अंगात भिनतं ते तिथे.

1575 च्या नागाशिनोच्या लढाईतही कुरोसावा ताकेदांचे घोडेस्वार पडताना दाखवत नाही. बंदुकांचे बार, बघणाऱ्यांचे चेहरे, आणि मग एकदम ते रणांगण. उठायला धडपडणारे घोडे बघवत नाहीत, तरी डोळे मिटू नकोस. पैसे उभे राहत नव्हते, तेव्हा कुरोसावा या चित्रपटाची दृश्यं रंगवत बसला होता. पुढे जॉर्ज लुकास आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला या अमेरिकन दिग्दर्शकांनी शब्द टाकला म्हणून 1980 मध्ये तो पडद्यावर आला. रंगांवरची ती मेहनत चोराच्या स्वप्नात दिसते.

बघून झालं की मला शिंगेनच्या लहानग्या नातवाबद्दल, ताकेमारूबद्दल लिही. हे माझे आजोबा नाहीत, असं तो पोर आल्याआल्याच ओरडतो, आणि पुढे त्याच माणसाला लळा लावतो. त्याच्या मनात नेमकं कधी, कशामुळे पालटलं, ते तुला कुठे दिसतं?

तुझा,
काका