माजोरड्या नायकाची चावट गोष्ट ऐकायला मजा का येते?

तुम्ही विचारलंय की असा माणूस प्रत्यक्षात भेटला तर दोन मिनिटं सहन होणार नाही, मग ऑडिओबुकात तोच इतका का आवडतो? आणि हे आवडणं जरा लाजिरवाणं आहे का?

लाजिरवाणं असेल तर मी गेली तीन-चार वर्षं निर्लज्ज आहे. वेंगुर्ल्याजवळ आमचं घर आहे आणि मे महिन्यात आम्ही सोलं करतो, म्हणजे कोकमाची आमसुलं. रातांबे फोडायचे, बिया नि गर वेगळा काढायचा, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायची, संध्याकाळी परत रसात. अशी चार-पाच पुटं. हात दिवसभर लालभडक आणि डोकं रिकामं. रेंज वाडीत नावालाच, म्हणून बाजारात गेले की पुस्तक डाउनलोड करून आणते. इअरफोन एकाच कानात, दुसरा सासूबाईंसाठी मोकळा.

गंमत अशी की ओल्या खारट बोटांना फोनची स्क्रीन दाद देत नाही. म्हणजे एकदा सुरू केलं की थांबवता येत नाही. तो उर्मट उद्योगपती तिच्या मानेशी ओठ नेऊन काहीतरी पुटपुटतोय आणि समोरून सासूबाई विचारतायत, "मीठ पुरात मां?" मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावते. कान तापलेले असतात, पण उन्हाचं निमित्त आहेच.

आता तुमचा खरा प्रश्न. माझ्या मते हे काम निम्मं आवाजाचं आहे. कागदावर उद्धट वाक्य म्हणजे नुसतं उद्धट वाक्य. वाचणारा चांगला असेल तर तेच वाक्य तो आवाज न चढवता, किंचित रेंगाळत म्हणतो, आणि नायकाला स्वतःला कळायच्या आधी आपल्याला कळतं की गडी विरघळायला लागलाय. मजा त्या आधी कळण्यात आहे. ओरडून वाचणारा निवेदक मिळाला की मी पुस्तक सोडून देते. वर्णनं १.२५ वेगाने चालतात, पण दोघांचं भांडण नेहमीच्याच वेगाने ऐका; मधले श्वास कापले गेले तर उरतं काय?

माज आणि दुष्टपणा मात्र एक नव्हे. मी नेहमी बघते की तो ड्रायव्हरशी, वेटरशी कसा बोलतो. नायिकेशी चढेल वागला तर ती त्याला सुनावते, हिशेब बरोबर होतो. पण उलट बोलू न शकणाऱ्या माणसाचा अपमान केला, किंवा तिने नाही म्हटलेलं ऐकूनच घेतलं नाही, तर हात पुसून येते आणि बंद करते.

मराठीतली अडचण वेगळीच. शरीराचे शब्द आपल्याकडे एकतर संस्कृत श्लोकातले, नाहीतर शिवीतले. ‘उरोज’ ऐकला की मला हसूच येतं. खरं तर आपल्याला हे नवीन नाही: सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा आहेत, कितीतरी शृंगाराच्या, आणि त्यातल्या बऱ्याच बायकांच्या तोंडच्या. तिथे नुसत्या नजरेवर काम भागतं. लाजायचंच असेल तर त्या बायकांपासून सुरुवात करावी लागेल.

गेल्या वर्षी शेवटच्या पुटाच्या दिवशी सासूबाईंनी विचारलंच, "काय गो आयकतंस रोज?"

"गोष्ट."

"कोणाची?"

"एका माजोरड्या माणसाची."

त्यांनी हातातलं सोल उलटं करून उन्हात ठेवलं. "मगे वठणीर येता काय तो?"

"येता."

"मगे आयक."